पटावरचे पाऊल आणि जमिनीवरचे पाऊल



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. 'पटावरच्या खेळांचा इतिहास' असे मी सांगितल्यावर ते क्षणभर थबकले आणि मग फार सौजन्याने म्हणाले, "चालेल, श्रोत्यांनाही बदल हवाच असतो." पण हा विषय मी बदल म्हणून घेतलेला नाही. माझा सगळा जन्म टेबलाच्या एका बाजूला बसून समोरच्याचे नियम ऐकण्यात गेला. नियम कोण करतो, तो कोणाच्या सोयीचा असतो आणि तो जमिनीशी जुळत नसला तर बोलायचे कोणी, हे तीन प्रश्न सोडले तर मला दुसरे काही येत नाही. ते प्रश्न मला एका खेळाच्या पटावर पुन्हा भेटले, म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतच झाले. पुढचे सारे नगरवाचनालयाच्या बाकावर झाले, त्यामुळे विद्वानांना काही उणे दिसले तर त्यांनी ते सांभाळून घ्यावे.

झाले असे. माझा एक भाचा पुण्यास इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीत त्याच्या खोलीवर गेलो, तर पाचसहा मुले टेबलाभोवती बसलेली. मध्ये एक मोठा कागद, त्यावर चौकोनी घरे आखलेली आणि घरांवर सोंगट्या. खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. ह्या खेळात प्रत्येक जण एखाद्या पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण मात्र कोणाचीच बाजू घेत नाही. तो जग उभे करतो, संकटे आणतो आणि निवाडा देतो. त्याला ते 'डंजन मास्टर' म्हणतात; आपण त्याला पंच म्हणू. पात्रे बोलतात, भांडतात, फसवतात, आणि लढाई जुंपली की तो चौकोनांचा कागद बाहेर निघतो. प्रत्येक घर पाच फुटांचे. माणसाची एका पाळीतली चाल तीस फूट, म्हणजे सहा घरे. आणि ही पाळी सहा सेकंदांची मानलेली.

भाच्याचा योद्धा सहा घरे सरळ गेला. त्यानंतर शत्रूची सोंगटी सहा घरे तिरपी गेली आणि ह्याच्या मागे येऊन उभी राहिली. मी युनियनच्या कामात पडण्यापूर्वी फिटर होतो. डोळा मोजमापाला सरावलेला. पाच फुटांच्या चौकोनाचा कर्ण सात फुटांहून थोडा जास्त भरतो. सहा कर्ण म्हणजे बेचाळीस फूट. एकाच पाळीत सरळ जाणारा तीस फूट चालला आणि तिरपा जाणारा बेचाळीस! मी म्हटले, "अरे, हा शत्रू वाकडा चालतो म्हणून त्याला बारा फूट बक्षीस कसले?" भाचा हसून म्हणाला, "मामा, नियमच तसा आहे."

हे वाक्य मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. म्हणून म्हटले, हा नियम आला कोठून ते पाहू. शोधता शोधता मी दोनअडीचशे वर्षे मागे, जर्मनीत जाऊन पोहोचलो.

सुरुवात अर्थात बुद्धिबळापासून होते, आणि तो खेळ आपल्या देशातलाच. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची सेना पटावर मांडली, म्हणून चतुरंग. बुद्धिबळाच्या पटावर राजा एक घर सरळ जातो किंवा एक घर तिरपा जातो, आणि दोन्हींची किंमत एकच चाल. पटाची भूमिती ही अशी जमिनीच्या भूमितीहून वेगळी असते. रिचर्ड रेटी नावाच्या खेळाडूने 1921 साली एक प्रसिद्ध कूट मांडले. त्यात पांढरा राजा पटाच्या कोपऱ्यात अडकलेला असतो. काळे प्यादे वजीर व्हायला निघालेले असते आणि ह्या राजाला ते कधीच गाठता येणार नाही असे दिसते. पण राजा तिरपा निघतो. प्रत्येक पावलात तो काळ्या प्याद्याच्याही जवळ जातो आणि आपल्या प्याद्याच्याही. दोन कामे एकाच चालीत होतात आणि डाव बरोबरीत सुटतो. जमिनीवर चालणाऱ्या माणसाला हे साधणार नाही, कारण तिरपी वाट त्याला लांब पडेल. पटावर ती लांब पडत नाही. बुद्धिबळात ह्याला कोणी खोटेपणा म्हणत नाही, कारण बुद्धिबळ खऱ्या युद्धाचा दावाच करीत नाही. तंटा सुरू होतो तो हा दावा केला जातो तेव्हा.

तो दावा करणाऱ्यांपैकी एक योहान ख्रिस्तियान लुडविग हेलविग. हे जर्मनीतील ब्रुन्सविकच्या ड्यूकच्या दरबारात मुलांना गणित शिकवीत. ही मुले पुढे सैन्यात अधिकारी व्हायची. त्यांना युद्धकला खेळातून शिकवावी म्हणून हेलविग ह्यांनी 1780 साली बुद्धिबळाच्या पायावर एक नवा खेळ रचला. पट केवढा? एकोणपन्नास घरे एका बाजूस आणि तेहतीस दुसऱ्या बाजूस, म्हणजे एकूण 1617 घरे. घरांना रंग दिले: तांबडे म्हणजे डोंगर, निळे म्हणजे पाणी, हिरवे म्हणजे दलदल, काळी-पांढरी म्हणजे मोकळी जमीन. पायदळ, घोडदळ, तोफा, आणि नदीवर पूल टाकणारी माणसेसुद्धा पटावर आली. हे पूल टाकणारे पाहून मला आनंद झाला. युद्धाच्या चित्रांत राजे आणि घोडेच असतात. मजूर पटावर आणण्याचा विचार एका गणिताच्या मास्तराला सुचला.

पुढे 1797 मध्ये श्लेस्विगच्या गेओर्ग व्हेन्टुरिनी ह्यांनी घरांची संख्या 3600 वर नेली, आणि रसद, ऋतू, हवामान, एवढेच काय पण सैन्याबरोबर फिरणाऱ्या पावाच्या भट्ट्या ह्यांचेही नियम केले. खेळ खरा वाटावा म्हणून नियमावर नियम चढत गेले. परंतु मूळ दोष तसाच राहिला. डोंगराची कड चौकोनी नसते आणि नदी काटकोनात वळत नाही. पटावर मात्र सारी सृष्टी चौकोनाच्या मापाने कापून बसवलेली. एका घरात एकच तुकडी, मग ती दाटीने उभी असो की पांगून. शिवाय तिरप्या चालीचा प्रश्न होताच.

हा चौकोन मोडला तो ब्रेस्लावच्या एका सरकारी अधिकाऱ्याने. त्यांचे नाव बॅरन गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ. हेलविगचा खेळ त्यांना आवडे, पण घरांचे बंधन सोसत नसे. त्यांनी प्रथम वाळूत जमीन घडवली. त्यांच्या खेळाची कीर्ती प्रशियाच्या राजपुत्रांमार्फत राजाच्या कानावर गेली. राजापुढे वाळू कशी न्यावी, म्हणून त्यांनी मोठे टेबल बनवले आणि त्यावर रंगवलेल्या प्लास्टरच्या फरशा बसवल्या. त्यांवर टेकड्या, ओढे, गावे कोरलेली. 1812 साली ते टेबल राजा तिसरा फ्रिडरिख विल्हेल्म ह्यास सादर झाले. ह्या टेबलावर घरे नव्हती. सोंगटी जेथे हवी तेथे न्यावी आणि अंतर प्रमाणाने मोजून घ्यावे. फरशा चौकोनी होत्या खऱ्या, पण त्या जमीन मांडण्यापुरत्या. चालणाऱ्यावर त्यांची सत्ता नव्हती. हा फरक लहान नव्हे. चौकोन जमीन दाखवण्यासाठी वापरणे वेगळे आणि माणसाने कोठे पाय टाकावा हे ठरवण्यासाठी वापरणे वेगळे.

त्यांचा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने 1824 साली खेळ पूर्णत्वास नेला. टेबलाऐवजी 1:8000 प्रमाणाचे नकाशे आले. सैन्याच्या तुकड्यांचे ठोकळे त्याच प्रमाणात, म्हणजे तुकडी जमिनीवर जेवढी जागा व्यापते तेवढीच नकाशावर व्यापेल. प्रत्येक पाळी दोन मिनिटांची. दोन मिनिटांत सैन्य जेवढे चालेल तेवढेच ठोकळे सरकायचे. गोळीबाराचा परिणाम फाशांनी ठरायचा, पण त्या फाशांमागे शार्नहोर्स्ट ह्यांनी बंदुका-तोफांच्या माऱ्याचे घेतलेले प्रयोग होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मध्ये पंच बसला. खेळाडू हुकूम लिहून पंचाकडे देत. शत्रूचे जेवढे दिसायला हवे तेवढेच पंच दाखवी. सेनाप्रमुख फॉन म्युफलिंग हे प्रथम थंडपणे पाहायला बसले, ते शेवटी हा खेळ नसून युद्धाचे शिक्षणच आहे असे म्हणत उठले, आणि त्यांनी सगळ्या सैन्याला त्याची शिफारस केली. तरुण राइसविट्झचे पुढे काय झाले? त्याची बदली दूर ठिकाणी झाली आणि 1827 साली त्याने आत्महत्या केली. जगाला शिकवणारी यंत्रे घडवणाऱ्यांच्या वाट्याला काय येते, हे आपल्या कामगारवस्तीत कोणाला सांगावे लागत नाही.

येथे एक गोष्ट मनात नोंदवून ठेवा. चौकोन गेला, पण त्याच्या जागी कोष्टके आली. तुकडी किती चालेल, चढावर किती, उतारावर किती, किती अंतरावरून किती माणसे मरतील. पंचाने सारी कोष्टके पाठ करावी, बेरजा-वजाबाक्या कराव्या, आणि दोन मिनिटांच्या लढाईचा हिशेब करण्यात बराच वेळ घालवावा. पन्नास वर्षांनी, 1873 साली, याकोब मेकेल ह्या जर्मन अधिकाऱ्याने तक्रार मांडली की, नियमांनी पंचाचे हात बांधले आहेत, कोष्टकात न बसणारे असे काही ना काही रणांगणावर घडतेच, आणि ह्या किचकटपणाला कंटाळून कोणी पंच व्हायला तयार होत नाही. तीन वर्षांनी यूलिउस फॉन व्हेर्दी दु व्हेर्नुआ ह्यांनी सरळ कोष्टके आणि फासेच काढून टाकले. अनुभवी पंचाने परिस्थिती पाहावी आणि आपल्या बुद्धीने निर्णय द्यावा. ह्याला 'मुक्त' युद्धखेळ म्हणू लागले आणि जुन्याला 'नियमबद्ध'.

आता ह्या दोघांत खरा कोण? इतिहास क्षणभर बाजूला ठेवून मी आपल्याला माझाच एक अनुभव सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आमची युनियन होती. कारखान्याचे नाव घेत नाही. तेथे टाइम स्टडी झाली. स्टॉपवॉच घेऊन इंजिनिअर आले, आलेखाच्या कागदावर खात्याचा लेआउट काढला. एक चौकोन म्हणजे एक मीटर. एका मशिनपासून तपासणीच्या टेबलापर्यंत हेल्पर मंडळी कास्टिंग नेत. कागदावर ते अंतर बारा चौकोन आडवे आणि नऊ चौकोन उभे होते. इंजिनिअरांनी पट्टी तिरपी लावली; अंतर भरले पंधरा मीटर. गणित अगदी बरोबर, कोणताही गवंडी सांगेल. तीन-चार-पाचचा गुण्याच तो. परंतु मधे मशिने होती. मशिनमधून माणूस चालत नाही. तो वाटेने जातो, आधी बारा मीटर आणि मग नऊ. म्हणजे एकवीस. जाण्यायेण्यात बारा मीटरांचा फरक, पाळीत ऐंशी खेपा, 960 मीटर. रोज एक किलोमीटरला चाळीस मीटर कमी एवढे चालणे, जे पायांना होते आणि कागदावर नव्हते. त्या कागदावरून टार्गेट ठरले आणि टार्गेट पुरे होत नाही म्हणून हेल्परांचा इन्सेन्टिव्ह कापला जाऊ लागला.

आम्ही काय केले? सुतळीचे एक बिंडे आणले, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर मशिनपासून टेबलापर्यंत वाटेवाटेने पसरले आणि मोजले. वाद तेथेच संपला. करारात एकवीस मीटर आले. त्या विजयाने मी इतका फुगलो की, पुढच्या करारात प्रत्येक खात्यातली प्रत्येक वाट मोजून तिचे कोष्टक जोडण्याचा आग्रह धरला. मॅनेजमेंटने मोठ्या आनंदाने ते मान्य केले. त्यांचा आनंद पाहून मला शंका यायला हवी होती, आली नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात छप्पर गळू लागले, मधली वाट बंद झाली आणि हेल्परांना मागच्या दाराने, उघड्यावरून, ट्रॉली ढकलत जावे लागले. मी तक्रार घेऊन गेलो, तर साहेबांनी करार उघडून माझीच सही दाखवली. "तुम्हीच एकवीस लिहिले आहेत." पुरे अडीच महिने ती माणसे भिजत चालली आणि कमी पैसे घेऊन घरी गेली. त्यांच्यातल्या एका वयस्क हेल्परने मला एवढेच विचारले, "दादा, कागद आपलाच ना?" ह्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. मेकेलची तक्रार मी पुष्कळ पुढे वाचली. वाचताना ते छप्पर माझ्या डोळ्यांपुढे होते.

मग नियम नकोतच, सारे पंचावर सोपवावे, असे म्हणावे काय? तेथेही इतिहास आपल्याला सावध करतो. मुक्त खेळात पंच असायचा तो हुद्द्याने वरिष्ठ. त्याचा निर्णय चुकला असे कनिष्ठाने कसे म्हणावे? जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म युद्धसरावात भाग घेई आणि त्याची बाजू जिंकलीच पाहिजे असा शिरस्ता पडून गेला होता. 1906 साली सेनाप्रमुख झालेल्या धाकट्या मोल्टकेंना पद घेण्यापूर्वी हे थांबवण्याची अट घालावी लागली. ह्याहून बोलके उदाहरण जपानचे आहे. 1942 च्या मे महिन्यात 'यामातो' ह्या युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेचा सराव पटावर झाला. फासे पडले आणि पंचाने 'आकागी' व 'कागा' ही दोन विमानवाहू जहाजे बुडाल्याचे जाहीर केले. तेव्हा सरावावर देखरेख करणारे ॲडमिरल उगाकी ह्यांनी बाँबफेकीचे नऊ आघात तीनवर आणले आणि 'आकागी'ला पुन्हा तरंगवले; पुढे 'कागा'सुद्धा पटावर परत आले. फुचिदा आणि ओकुमिया ह्या दोघा जपानी अधिकाऱ्यांनी युद्धानंतर हे लिहून ठेवले आहे. महिनाभराने प्रत्यक्ष समुद्रावर 'आकागी' आणि 'कागा' दोन्ही बुडाली, त्यांच्याबरोबर आणखी दोन गेली. त्या वेळी आघात कमी करायला कोणी नव्हते.

तेव्हा मित्रहो, चौकोन खोटे बोलतो हे खरे. परंतु तो उघडपणे खोटे बोलतो आणि दोन्ही बाजूंना सारखेच बोलतो. पंच खरे बोलू शकतो, पण तो कोणाला जबाबदार आहे ह्यावर ते अवलंबून असते. हा तिढा मनात ठेवून आपण पुन्हा खेळाकडे येऊ.

लष्कराच्या कचेरीतून हा खेळ घरात आला तो एच. जी. वेल्स ह्या इंग्रज लेखकामुळे. 1913 सालच्या 'लिटल वॉर्स' ह्या छोट्या पुस्तकात त्यांनी शिशाचे शिपाई जमिनीवर मांडून खेळण्याचे नियम दिले. चौकोन नाहीत. पायदळाने एका चालीत एक फूट, घोडेस्वाराने दोन फूट; आणि तेवढ्या लांबीचे दोरे कापून ठेवायचे. आमच्या सुतळीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. खरे युद्ध किती ढिसाळ आणि किती महाग असते, हे त्या खेळातून लोकांनी ओळखावे असे वेल्सना वाटत होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

अमेरिकेत 1954 साली चार्ल्स रॉबर्ट्स ह्यांनी 'टॅक्टिक्स' नावाचा खेळ विकायला काढला आणि चौकोन परतला. छापील पट, पुठ्ठ्याच्या सोंगट्या. सुतळी-मोजपट्टीची गरज नाही, घरे मोजली की झाले. सामान्य माणसाच्या हाती खेळ द्यायचा तर मोजमाप सोपे हवे, ही चौकोनाची खरी शक्ती आहे आणि ती मी कमी लेखत नाही. पण तिरप्या चालीचे दुखणे परत आलेच. 1961 साली रॉबर्ट्सनी आपल्या 'गेटिसबर्ग' ह्या खेळात चौकोनाऐवजी षट्कोन आणला. रँड कॉर्पोरेशन ह्या संशोधनसंस्थेत युद्धाचे अभ्यास असल्या पटावर चालतात, हे त्यांनी एका छायाचित्रात पाहिले होते. मधमाशीच्या पोळ्यासारख्या ह्या पटावर प्रत्येक घराला सहा शेजारी, आणि सहाही सारख्याच अंतरावर. तिरपा हा प्रकारच उरला नाही.

मग प्रश्न सुटला काय? थोडा सुटला. षट्कोनाच्या पटावर सहा दिशांना अंतर बरोबर येते. दोन दिशांच्या मधोमध जायचे झाले तर मात्र नागमोडी जावे लागते आणि शंभराला सुमारे पंधरा जास्त मोजले जातात. बुद्धिबळाच्या राजासारखी तिरपी चाल मोजली तर चौकोनावर चूक शंभराला एक्केचाळीसपर्यंत जाते. ह्या दोहोंच्या मधला एक तोडगा पुढे निघाला, तो मला फार आवडला. पहिले तिरपे पाऊल एक घर धरायचे, दुसरे दोन घरे, तिसरे पुन्हा एक, चौथे दोन. म्हणजे सरासरी दीड. तीन घरे आडवे आणि चार घरे उभे जायचे आहे असे समजा, तीन तिरपी पावले, एक-दोन-एक मिळून चार, आणि एक सरळ, एकूण पाच. गवंड्याचा गुण्या तंतोतंत जुळला! फार मोठ्या अंतरावरही ह्या रीतीत चूक शंभराला बाराच्या पुढे सहसा जात नाही. षट्कोनाहूनही थोडे बरे.

आता भाच्याच्या खेळाकडे. 1969 साली मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेझली ह्या तरुणाने एक युद्धखेळ मांडला. 1880 सालचे 'स्ट्रॅटेगॉस' नावाचे एक जुने अमेरिकन पुस्तक त्याच्या वाचनात आले होते आणि त्यातला सर्वाधिकारी पंच त्याला भावला होता. त्याने एका कल्पित जर्मन गावात प्रत्येक खेळाडूला सैन्य न देता एकेक माणूस दिला. खेळाडू पट सोडून कोपऱ्यात जाऊन कारस्थाने करू लागले. दोघांचे द्वंद्वयुद्धही झाले. वेझलीला वाटले, खेळ फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसनने ही रीत भुयारांत आणि राक्षसांत नेली, आणि विस्कॉन्सिनमधल्या गॅरी गायगॅक्सबरोबर 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. पहिल्या हजार पेट्या त्यांनी हातांनी भरल्या. म्हणजे हा खेळ प्रशियाच्या पंचाचा वंशज आहे. त्यात अंतरे इंचांत दिलेली होती. इंच मोजपट्टीने मोजा, नाही तर पटावाचून नुसत्या बोलण्यावर खेळा. चौकोनाची सक्ती नव्हती.

चौकोन जसा घट्ट झाला तसा हिशेबही बदलत गेला. 2003 साली सुधारलेल्या तिसऱ्या आवृत्तीत एक-दोन-एक-दोन असा तिरपा हिशेब होता. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत तो काढून टाकला. तिरपे पाऊल म्हणजे एकच घर. खेळ भराभर चालू लागला. पण मांत्रिकाने फेकलेल्या अग्नीचा स्फोटही चौकोनी झाला, आणि त्यावर खेळाडूंनी खूप थट्टा केली. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पट ऐच्छिक केला, तिरपे पाऊल एकच ठेवले आणि जुना हिशेब पंचाला हवा असल्यास मुभा दिली.

ह्या खेळाडूंत आणखी एक थट्टा फिरते. नियम असा की, जवळच्या माणसाच्या हाती वस्तू देणे एका पाळीत बसते, आणि पाळी सर्वांचीच सहा सेकंदांची. मग पाच-पाच फुटांवर 1056 शेतकरी रांगेत उभे करा. एक मैल लांब रांग होते. पहिल्याने भाला दुसऱ्याला द्यावा, दुसऱ्याने तिसऱ्याला. नियमाप्रमाणे सहा सेकंदांत भाला मैलभर जातो. मग शेवटचा शेतकरी तो त्याच वेगाने फेकणार! मुलांना ह्यात गंमत वाटली. मला मात्र तो कागद पाहून कारखान्यातली साखळी आठवली. रांगेतल्या एकेका माणसाचे माप कोष्टकात बरोबर बसते आणि सगळ्यांचे मिळून अशक्य होते. 2024 साली निघालेल्या पंचांच्या मार्गदर्शक पुस्तकात अखेर स्पष्टच सांगितले आहे की, खेळाचे नियम म्हणजे सृष्टीचे नियम नव्हेत आणि असल्या माणसांच्या साखळीने भाला वेगवान होतो हा युक्तिवाद पंचाने ऐकू नये. हेलविगपासून दोनशे चव्वेचाळीस वर्षांनी खेळवाल्यांनी ही गोष्ट छापून मान्य केली. कारखान्यांनी ती केव्हा छापावी, ह्याची मी वाट पाहतो आहे.

ह्या सगळ्या प्रवासातून मला जे उमगले ते थोडक्यात सांगतो. माप सोपे करण्यासाठी जमिनीला चौकोन पाडावेच लागतात. त्यात पाप नाही. पाप होते ते चौकोन आपण पाडले हे विसरल्यावर. लिखित नियम दुबळ्याचे रक्षण करतो, कारण बलवानाची लहर त्यापुढे चालत नाही. पण छप्पर गळू लागले की तोच नियम दुबळ्याच्या गळ्याला लागतो. पंच छप्पर पाहू शकतो. पण त्याला प्रश्न विचारता आला नाही, तर तो बुडालेली जहाजे तरंगवतो. म्हणून दोन्ही हवेत, आणि दोन्हींच्या वर तिसरे एक हवे: ज्याचे पाय चालतात त्याला 'हे माप पुन्हा घ्या' असे म्हणण्याचा हक्क. त्या कारखान्यात पुढच्या करारात आम्ही कोष्टक ठेवलेच. पण त्याखाली एक कलम घातले की, वाट बदलल्याची तक्रार आली तर एक माणूस त्यांचा आणि एक आमचा, दोघांनी तीन दिवसांच्या आत जागेवर जाऊन मोजावे, आणि त्यात एक माणूस प्रत्यक्ष त्या वाटेने चालणारा असावा. कोष्टक अकरा पानांचे होते आणि कलम चार ओळींचे. उपयोगी पडले ते कलम.

भाच्याच्या खोलीवरून निघण्यापूर्वी मी खिशातली सुतळी काढली आणि पटावरच्या सहा घरांइतकी कापून त्यांच्या टेबलावर ठेवली. मुलांनी तासभर तिने मोजून खेळ केला आणि मग कंटाळून पुन्हा घरे मोजू लागली. मला वाईट वाटले नाही. रोजच्या चालीला सुतळी कोण लावणार? पण परवा भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, सुतळी अजून पेटीत आहे. भांडण झाले की काढतो." एवढे झाले तरी पुष्कळ.